पाहण्याचा कार्यक्रम, हेल्मेटसकट

हेल्मेट भाड्याचं होतं. माझ्या आधी ते कुणाच्या डोक्यावर होतं देव जाणे, पण त्या माणसाला बदामाच्या तेलाची हौस होती एवढं नक्की. आतून घालायची कापडी टोपी ओली होती. ओली! मी ती चिमटीत धरून काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "भिया, ये धोते भी हो कभी?" तर तो म्हणतो, "मॅडम, धूप में रखी थी ना सुबह." म्हणजे पापडासारखी वाळवत घातली होती म्हणा. शी! अजून तो वास आठवला की जेवण जात नाही.

एवढी घाण सहन करून मी ते डोक्यात का घातलं, तर मला तिथे दाखवायला नेलं होतं. हो, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. लोक घरी बोलावतात, फार तर एखाद्या हॉटेलात. मुलाकडच्यांनी आम्हाला महूच्या पुढे ट्रॅक डेला बोलावलं. हौशी लोकांनी आपापल्या गाड्या आणायच्या, पैसे भरायचे, आणि पोलीस, गाई, स्पीडब्रेकर यातलं काही मध्ये न येता गाडी किती पळते ते बघायचं, हा तो प्रकार. जागा म्हणजे एका बिल्डरची टाउनशिप. रस्ते झाले, पाम लावून झाले, क्लब हाउस झालं, आणि घरं तेवढी राहून गेली. रिकाम्या प्लॉटांवर नंबरांचे दगड आणि वाळकं गवत, आणि त्यांच्या भोवतीनं फिरणारा तो गुळगुळीत रस्ता एका क्लबानं हिवाळ्यापुरता भाड्यानं घेतलेला.

"मुलगा स्पोर्ट्स कार चालवतो," आई महिनाभर ज्याला त्याला सांगत होती. मी बत्तीस ओलांडलेली. तिच्या मते आता गाडी काय, घोडा चालवणारा आला तरी हरकत नव्हती.

पण खरं सांगू का, मलाही तो आवडला होता. फोनवर बोलून बोलून आम्ही तुम्हीवरून तूवर आलो होतो. आधीच्या एका स्थळानं मला विचारलं होतं, "कार येते म्हणजे पार्किंगसुद्धा येतं?" याला मी म्हटलं, मी अठराव्या वर्षापासून चालवते, बाबांनी शिकवलंय, ओंकारेश्वरला जायचं तर वाटेतला घाट मीच उतरवते. तर हा म्हणाला, "मग माझी चालवशील? मी बाजूला बसेन." एवढंच. पण त्या एका वाक्यावर मी मनातल्या मनात अर्धा होकार देऊन टाकला होता. तिकडे जाताना मला धास्ती होती ती गाडीची नव्हती. हे जमावं असं मला वाटत होतं, आणि असं वाटण्याची सवय माझी गेली होती.

तर पोहोचलो. तंबूत पोहे, जलेबी, वर शेव आणि जीरावन मसाला, सगळं इंदूरच. फक्त पोह्यांवर जळक्या रबराचा धूर बसत होता. भोवती जिकडे तिकडे पुरुष. कुणी बॉनेट उघडून मुंडकं आत घातलेलं, कुणी धूर काढून टायर जाळतोय, आणि चार जण त्याची रील काढताहेत. एकानं रेस मारली की दुसऱ्यानं मारायचीच. गल्लीतली कुत्री बरी, ती निदान दमतात. एका काकांचं पोट रेसिंग सूटच्या चेनमध्ये मावत नव्हतं, तरी ते मला समजावत होते की खरा स्पीड डोक्यात असतो. असेल बाबा.

त्याची गाडी लाल, दोन सीटची, पोट जमिनीला घासणारी. परदेशातून आणलेली जुनी, गिअर हातानं टाकायचे. गाडी सुंदर होती, त्यात वाद नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. तपासणीला क्लबचा एक मार्शल आला. त्यानं आतून पाण्याची बाटली काढली, टिशूचा डबा काढला, डॅशबोर्डवरचा गणपती काढला. मग लाल फडक्यात बांधलेला एक छोटासा नारळ निघाला, पेरूएवढा, देवीच्या पायाशी ठेवून आणलेला. मुलाच्या आईचा, म्हणजे काकूंचा, चेहरा पडला. "तो राहू द्या हो," त्या म्हणाल्या. मार्शल म्हणाला, "माताजी, ढीली चीज कुछ नहीं चलेगी अंदर. पैर के नीचे आ गई तो?" नारळ काकूंच्या पर्समध्ये गेला. सकाळी मुलानं फेऱ्या मारल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. माझी पाळी जेवणानंतर.

खोटं कशाला बोलू, मजा आली. ते तेलकट हेल्मेट, बाजूला तो, आणि हाताखाली ती गाडी. स्टिअरिंग मनात यायच्या आत वळत होतं. पहिली फेरी मी जपून मारली. दुसऱ्या फेरीला त्यानं हात मांडीवर सोडून दिले. म्हणाला, "भारी चालवतेस गं." मी हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते.

क्लब हाउसकडे एक लांब सरळ रस्ता जातो, आणि त्याच्या भिंतीपाशी काटकोनात उजवीकडे वळतो. तिथे ब्रेक दाबला. पेडल अर्धं गेलं आणि थांबलं. खाली दगड असावा तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"ब्रेक लागत नाहीये," मी म्हणाले.

"ब्रेक मार! ब्रेक, ब्रेक!" तो ओरडायला लागला.

"अरे लागत नाहीये, सांगतेय ना!"

"आई गं!" म्हणून त्यानं दरवाज्याचं हँडल धरलं. मग त्याची काही मदत झाली नाही. मी गिअर खाली टाकला, आणखी एक खाली टाकला, इंजिन किंचाळलं, आणि भिंत यायच्या आधी गाडी डावीकडे रिकाम्या प्लॉटात घातली. तिथे ते नंबरांचे दगड. एक या बाजूनं गेला, एक त्या बाजूनं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत नेला, आणि गाडी वाळक्या गवतात जाऊन उभी राहिली. पुढच्या बंपरची कड तुटली, बाकी काही नाही. आम्हा दोघांना ओरखडासुद्धा नाही.

हेल्मेटचा पट्टा काही केल्या सुटत नव्हता. तो उतरून माझ्या बाजूला आला, दार उघडलं, खाली वाकला, पेडलच्या मागे हात घातला. आणि त्यानं तो नारळ काढला. लाल फडक्यातला.

सांगायला नको. काकूंनी जेवणाच्या वेळी, कुणी बघत नाही असं पाहून, तो सीट आणि दरवाज्याच्या फटीत खोचून ठेवला होता. होणारी सून चालवणार म्हणून. माझ्याच भल्यासाठी! काकूंवर माझा राग नाही, आजही नाही. वेडी माया असते एकेकीची.

पण त्यानं काय केलं ते ऐका. त्यानं नारळ बघितला, मागून धावत येणाऱ्या लोकांकडे बघितलं, आणि नारळ आपल्या जॅकेटच्या खिशात टाकला. चेन लावली. मार्शल पोहोचला तसा त्याला म्हणाला, "कुछ नहीं, भिया. इनसे ब्रेक की जगह एक्सिलरेटर दब गया. पहली बार है ना."

बाजूला बसून ज्यानं माझ्या तोंडून ऐकलं होतं की ब्रेक लागत नाही, तो माणूस हे बोलत होता. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "प्लीज. आईला सगळ्यांसमोर कसं वाटेल? क्लबवाले मलाही बॅन करतील. तुझं काय, तू तर पहिल्यांदाच आलीस."

तुझं काय!

पट्टा सुटेपर्यंत गर्दी जमली होती. काकू आल्या, धापा टाकत. त्यांनी त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मी वाट पाहत होते की आता त्या बोलतील, आता बोलतील. त्यांनी पदरानं माझा घाम पुसला आणि म्हणाल्या, "देवीनंच राखलं." बस. आणि माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी मात्र मी ते हेल्मेट काढून मुकाट मार्शलच्या हातात दिलं.

मग सुरू झाला चांगुलपणा. ग्लुकोजचं पाणी आलं. खुर्ची आली. "होता है, होता है," करत सगळे. त्या पोटवाल्या काकांनी सांगितलं की बायकांनी ऑटोमॅटिकच घ्यावी, झंझट नाही. मुलाचे वडील तर काय, मोठ्या मनाचे! पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटा, गाडीचं काय घेऊन बसलीस, लोखंड आहे ते. दुरुस्त होईल." आई माझ्या कानाशी कुजबुजली, "बघ, किती समजूतदार माणसं." त्या वासाची आणि त्या दयेची मला सारखीच किळस आली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि बाबा लांब उभे होते, हात मागे बांधून, प्लॉटातल्या टायरांच्या खुणा बघत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी.

निघताना मी आमच्या गाडीशी गेले, किल्ली काढली. बाबांनी हात पुढे केला.

"दे."

"मी चालवते ना."

"नको. दे इकडे."

मोतीबिंदूनंतर बाबांनी मोठ्या रस्त्यावर गाडी चालवलेली नव्हती. मी मागे बसले. मागच्या सीटवर, सामानासारखी. ते स्टिअरिंगला चिकटून, डोळे बारीक करून, ट्रकांना हॉर्न देत चालवत होते आणि आई लग्न उन्हाळ्यात करावं की दिवाळीनंतर हे बोलत होती. मला एवढा वेळ ज्याची किळस येत होती ते सगळं, ते तेल, तो धूर, ते लोक, याच्यापुढे काहीच नाही असं वाटलं. मला गाडी चालवता येत नाही, हे बाबांना पटलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "ब्रेकखाली नारळ होता."

सगळं सांगितलं मग. बाहेर पडलं ते भडभडून पडलं, रडून नाही, चिडून. आई पुढच्या सीटवरून मागे वळली. मग म्हणाली, "बरं, मग? आईला सांभाळून घेतलं बिचाऱ्यानं. असा मुलगा बायकोलाही सांभाळतो."

"कुणाला सांभाळतो? मी भिंतीवर गेले असते तर माझ्या तेराव्यालाही हेच सांगितलं असतं त्यानं."

"काहीही बोलतेस! जिभेला काही हाड?"

बाबांनी गाडी कडेला घेतली, एका गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, ठेल्यापाशी. इंजिन बंद केलं. मागे न वळता विचारलं, "पेडल किती खाली गेलं?"

"अर्धं. मग अडकलं."

"मग काय केलंस?"

"गिअर उतरवले. हँडब्रेक थोडा थोडा."

"एकदम नाही ओढलास?"

"एकदम कसा ओढीन? गिरकी खाल्ली असती."

बाबांनी मान हलवली. खिशातून फोन काढला, चष्मा वर करून नंबर शोधला. मुलाच्या वडिलांनी उचलला. त्यांचा आवाज मोठा, मागे मला ऐकू येत होता. "पोहोचलात का नीट? मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे," बाबा म्हणाले. "मुलीनं ब्रेकच दाबला होता. एवढं सांगायला फोन केला."

मग ते म्हणाले, "हो हो, नारळाचं बोलली आमची ही मला. तेव्हाच बोलली. पण साहेब, आता एवढ्याशा गोष्टीवरून..."

तेव्हाच! म्हणजे पाठीवर हात ठेवून मला माफ करत होते, तेव्हा त्यांना माहीत होतं.

"एवढीशीच होती ना?" बाबा म्हणाले. "मग तिथंच बोलायचं होतं, चार लोकांत. आमच्याकडून नाही समजा." आणि फोन ठेवला.

आई रडायला लागली. "निदान मला तरी विचारायचं होतं. असं स्थळ पुन्हा येणार आहे का?" ठेलेवाला काचेत वाकून विचारत होता, गराडू किती प्लेट. बाबांनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

मी म्हणाले, "बाबा, राहू द्या. सोडून द्या त्यांना."

"त्यांचं काय घेऊन बसलीस," बाबा म्हणाले. त्यांनी किल्ली काढून हातात धरली होती. "ते परके होते. घाट तू उतरवतेस आणि मी बाजूला बसून झोपतो, आणि आज मी तुझ्या हातातून किल्ली काढून घेतली. मला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. शी!"