एक दिवस उशिरा निघालेला ट्रक

ट्रक तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये बसलो होतो. फरीदाबाद बायपास, मे महिना, दुपारचा एक. इंजिनाने दोन झटके दिले आणि ते गप्प झालं. मांडीवरच्या लॅपटॉपवर ‘नो कम्युनिकेशन’ असं आलं. म्हणजे माझा स्कॅनर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलत होता आणि समोरून उत्तर यायचं एकदम थांबलं.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले आणि स्वतःशीच म्हणाला, "पुन्यांदा मेलं."

मी लॅपटॉप सोडून त्याच्याकडे पाहिलं. ‘पुन्यांदा’ हा शब्द मी चार वर्षांत ऐकला नव्हता. आई गेल्यापासून.

तोवर आम्ही दोघं हिंदीत बोलत होतो. मी मराठीत गाव विचारलं. त्याचं नाव सलीम मुलाणी, गाव दहिवडीजवळ. मी फलटणचा. मध्ये पन्नासेक किलोमीटर. ट्रक थंड होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला पाऊण तास उभे होतो आणि त्यात इंजिनाबद्दल एक शब्दही निघाला नाही.

मी एका ट्रक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये डायग्नोस्टिक टेक्निशियन आहे. दिल्लीच्या बाजूला येऊन सव्वीस वर्षं झाली. बायको सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाली. तिचं मराठी स्वच्छ आहे, पण पुस्तकातलं. मुलांना मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. आई होती तोवर रोज फोन व्हायचा. ती ज्या मराठीत बोलायची, ते बोलणारं माणूस आता माझ्या आसपास कुणी नाही.

असो. ट्रकचं सांगतो. चाकणला न्यायचा माल भरलेला होता. तासभर चालला की इंजिन बंद, थंड झालं की पुन्हा सुरू. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी एक सेन्सर आणि एक रिले बदलून पाहिला होता. माझा संशय ईसीएमवर होता. ईसीएम म्हणजे इंजिनाच्या अंगावर बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, हे तोच ठरवतो. पण हा पार्ट नुसत्या संशयावर बदलायचा नसतो. मी आधी बॅटरी पाहिली, मग अर्थिंगच्या वायरी, मग कनेक्टरच्या पिना. सगळं ठीक. मग थंड इंजिनावर स्कॅनर लावला आणि हॉट एअर गनने तो डबा हळूहळू तापवला. अकराव्या मिनिटाला ‘नो कम्युनिकेशन’. आतल्या बोर्डावर कुठेतरी बारीक तडा असणार. तापला की तो उघडतो, थंड झाला की मिटतो.

हे मंगळवारी झालं. मालकाची फोनवर परवानगी घेतली आणि नवा ईसीएम मागवला. गुरुवारपर्यंत येईल, असं गोदामातून कळलं.

ते दोन दिवस मी घरून आणलेला जेवणाचा डबा उघडला नाही. मुलाणींच्या ट्रकच्या सावलीत जेवलो. ते ज्वारीचं पीठ गावाहून आणतात आणि केबिनमागच्या स्टोव्हवर भाकरी थापतात. ते बोलायचे ते साधंच. विहिरीला पाणी किती आहे, कोणाचा बैल मारका आहे, दहिवडीच्या स्टँडसमोरचं हॉटेल बंद पडलं. मी मध्ये काहीतरी विचारायचो, ते पुढे बोलत राहावेत म्हणून.

गुरुवारी सकाळी अकराला पार्ट आला. स्टोअरमधून फोन आला तेव्हा मी मुलाणींच्या समोरच उभा होतो. काम तीन-साडेतीन तासांचं. जुन्या ईसीएममधली माहिती काढून नव्यात भरायची, डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरचा नंबर टाकायचा, किल्लीशी जुळवायचं, टेस्ट ड्राइव्ह घ्यायची. चारपर्यंत ट्रक निघाला असता.

मुलाणींनी विचारलं, "आलं का?"

मी म्हणालो, "उद्या येईल म्हणतायत. आज संध्याकाळी घरी जेवायला चला."

माझा मॅनेजर मलिक, त्यालाही काहीतरी कारण द्यायला हवं होतं. गाडी कब निकलेगी, म्हणून तो सकाळपासून मागे लागला होता. त्याला सांगितलं, सर्व्हर स्लो आहे, प्रोग्रॅमिंग उद्या करतो. सव्वीस वर्षांत कामाच्या बाबतीत मी इतकं सहज खोटं बोललो नव्हतो.

संध्याकाळी मुलाणी धुतलेला शर्ट घालून, पिठाची पिशवी घेऊन आले. बायको नको म्हणत असताना त्यांनी आमच्या गॅसवर भाकऱ्या केल्या. जेवताना म्हणाले, "वहिनी, कोरड्यास झ्याक झालंय." मुलाने मला विचारलं, कोरड्यास क्या होता है? बायकोलाही माहीत नव्हतं. भाकरीबरोबर खायचं कालवण, असं मी सांगितलं. मुलं बराच वेळ त्यांच्याजवळ बसून होती. माझ्या घरात आईसारखं बोलणारं कुणीतरी पुन्हा बसलं होतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत नवा ईसीएम बसला. जुन्यातली माहिती थंड असतानाच काढून घेतली. टेस्ट ड्राइव्ह मुद्दाम लांब ठेवली. पलवलच्या पुढे जाऊन आलो, दीड तास, भर उन्हात, भरल्या मालासकट. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

नियमाप्रमाणे काढलेला जुना पार्ट ग्राहकाला परत द्यायचा असतो. मी तो नव्याच्याच खोक्यात घालून मुलाणींच्या हातात दिला. त्यांनी खोकं फिरवून पाहिलं. वर आमच्या स्टोअरचा शिक्का होता, आवक तारखेसकट.

"हे काल आलंवतं?"

"हो. सकाळीच."

"मंग?"

खोटं सुचत होतं, पण बोलवेना. मी म्हणालो, "तुम्ही आणखी एक दिवस राहावं असं वाटलं. तुमचं बोलणं ऐकायला."

त्यांनी खोकं केबिनमध्ये सीटवर ठेवलं. मग म्हणाले, "लेक आलीया म्हायेराला. वर्सातनं एकदा येती. रविवारी सासरी जाणार. काल निघालो असतो तर शनिवारी चाकणला खाली करून रात्री घरी पोचलो असतो. एक रात तरी गावली असती मला."

हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पार्टच आला नाही म्हटल्यावर तुम्हाला कशाला टोचायचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी जॉब कार्डावर सही केली, उरलेलं ज्वारीचं पीठ वहिनींना द्या म्हणून पिशवी माझ्या हातात ठेवली आणि साडेचारला निघाले.

शनिवारी फोन करायचा धीर झाला नाही. रविवारीही नाही. सोमवारी त्यांचाच आला. आधी त्यांनी इंजिनाचं सांगितलं. कुठे बंद पडलं नाही. मग लेकीचं सांगितलं. तिचं सासर मंचरला, एसटी चाकणवरूनच जाते. रविवारी ती पोरांना घेऊन चाकणला उतरली आणि पुढची गाडी येईपर्यंत बापलेक स्टॉपवर बसले. अर्धा तास. नातवंडं ट्रकच्या केबिनमध्ये चढून आली.

"भेट झाली की वो," ते म्हणाले.

मी माफी मागितली. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या आता. मग मुलं काय करतात, वहिनी कशा आहेत, असं विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा नंबर काढला आणि लावला नाही. ऐकावंसं फार वाटतं, पण मागायला तोंड राहिलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये नवे टेक्निशियन येतात त्यांना मी शिकवतो. ईसीएमला दोष देण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. तो तापवून बघा. जुन्यातली माहिती थंड असतानाच काढा. आणि पार्ट आला की पाच मिनिटांत ग्राहकाला फोन करा. हे शेवटचं कुठे लिहिलंय, असं गेल्या महिन्यात एकाने विचारलं. कंपनीचा नियम आहे, म्हणून सांगितलं. असा काही नियम नाही.