घसरगाडीवाले आजोबा

इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहत. तरुणपणी ते बॉबस्लेच्या शर्यतींत उतरत, म्हणजे चौघांनी एका गाडीत बसून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं. देशात धड डोंगर नाही, बर्फ नाही, आणि हे निघाले होते आल्प्सवाल्यांना हरवायला! नंबर कधीच आला नाही, पण तोरा जगज्जेत्याचा. माझं पार्किंग पाहून म्हणत, "वा! तुम्ही आमच्या टीममध्ये हवे होतात. शेवटून दुसरे येण्याऐवजी आम्ही थेट शेवटचे आलो असतो."

एकदा टीव्हीवर हिवाळी खेळ लागले, म्हणून त्यांना घरी बोलावलं. चहा-चिवडा खाता खाता त्यांनी सगळ्या स्पर्धकांना झोडपलं. "काय ती हेल्मेटं, काय ते कपडे! आम्ही स्वेटर घालून उतरायचो. हे खेळाडू आहेत की अंतराळवीर?"

तेवढ्यात एक गाडी उलटली आणि तशीच घसरत खाली गेली. आजोबा ताडकन उठले आणि टीव्हीकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

"उठले का?"

"तिघं उठले," माझी बायको म्हणाली.

"आणि चौथा?"

आम्ही बघत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "उठला हो! हात हलवतोय."

"आमच्या वेळी तिघंच उठलो होतो," आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी टीव्ही बंद केला. खिडकीपासून वळून त्यांनी "हा चहा आहे की साखरेचा पाक?" असं बायकोला विचारलं आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला.