रखमाचं ताट

रखमा साळवे तांदूळ बघायची. समोरच्या बाईने ताटात मूठभर तांदूळ सोडायचे, हिने बोटाने दोन-दोन दाणे बाजूला सारायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर बरं. शेवटी एकटा दाणा उरला तर घरावर काहीतरी चालून येतंय म्हणायचं. अंबरनाथच्या चाळीत तिच्या दारी बायकांची रीघ असे. साळवे मंडळी मूळची नगरकडची, आज्यापणज्यापासून ख्रिस्ती. दर रविवारी चर्चला जाणारी बाई असले उद्योग करतेच कशी, हे विचारायची सोय नव्हती, कारण तांदळावर हात ठेवून ती आधी प्रभूची प्रार्थना म्हणे. प्रार्थना म्हटली की सगळं शुद्ध, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. बायकांना तर ते जास्तच पटायचं.

हे तिला उल्हासनगरच्या कौसाबाईने शिकवलं. लेकीचं, तेजलचं, पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा डॉक्टरला कारण सांगता येईना आणि चर्चचे पाळकसाहेब नुसतं धीर धरा म्हणाले. कौसाबाईने तांदूळ बघून कारण सांगितलं. खोटं का होईना, कारण मिळालं की माणूस तिथेच बसकण मारतो. रखमाही बसली.

एका रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणत होते. रखमाचं लक्ष सहज खाली गेलं. तिचं बोट पदरावर हलत होतं, दोन-दोन, दोन-दोन. तिने मूठ आवळली, तरी मुठीत बोट वळवळतच राहिलं. एवढी वर्षं आपण ही प्रार्थना नक्की कुणाला ऐकवत होतो, या विचाराने ती प्रार्थना अर्धी सोडून सगळ्यांदेखत खाली बसली.

त्याच दुपारी तिने पाळकांपुढे सगळं ओकून टाकलं. ते रागावले नाहीत, तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले. दारी येणाऱ्या बायकांना ती परत पाठवू लागली. कौसाबाई मात्र घरी येऊन चहा प्यायली, सगळ्यांची खुशाली विचारली आणि उठता उठता थंडपणे म्हणाली, "तू सोडशील गं. पण ते तुला सोडंल का? पोर परत गरोदर हाय ना तुझी?"

तेजलला आठवा लागला होता. रखमाने उपास धरले, बायबल उशाशी घेऊन झोपली, पण भीती काही हटेना. शेवटी ती बदलापूरला लेकीच्या फ्लॅटवर गेली.

तेजलने टेबलावर ताट मांडूनच ठेवलं होतं. त्यात तांदूळ. डॉक्टर सगळं नॉर्मल म्हणतो, ती म्हणाली, पण मागच्या वेळीही तो नॉर्मलच म्हणाला होता.

"एकदाच बघ ना, मम्मी."

"मी आता बघत नाही, तेजू."

"तुला देव परत मिळाला. मला तर तू हेच शिकवलंस. मी आता कुठे जाऊ?"

रखमाची नजर नको म्हणताना ताटावर गेली. हात लावायची गरजही पडली नाही. दाण्यांच्या जोड्या डोळ्यांसमोर आपोआप लागत गेल्या, आणि कडेला एक उरला.

"काय दिसलं?" तेजलने विचारलं.

"तांदूळ," रखमा म्हणाली.

तिने ताट उचललं, त्या एका दाण्यासकट तांदूळ धुतले आणि कुकर लावला. भात वाढून ती प्रार्थना म्हणू लागली. पाठ असलेल्या त्या शब्दांतही ती प्रत्येक ओळीला अडखळली, कारण पुढे काय होणार हे जाणून न घेता तिने कितीतरी वर्षांत काही मागितलंच नव्हतं. आमेन म्हणून तिने पहिला घास लेकीच्या तोंडाशी नेला.

काय दिसलं ते आईने सांगितलं नव्हतं; तेजलने तोंड उघडलं नाही.