मी पाहिलेला हात

माझी पुतणी कॉलेजात सिनेमा शिकते. शेवटच्या वर्षाला तिला वीस मिनिटांची फिल्म करायची होती. विषय तिनं घेतला तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूचा. तो एकच दिवस तिघांनी सांगायचा. तिच्या आईनं, तिनं स्वतः आणि मी.

मी दोन महिने टाळलं. आज पाय दुखतोय, उद्या लग्नाला जायचंय. ती हट्टी. रविवारी कुंभारीहून माझ्या घरी यायची, लॅपटॉप उघडून मला तसले सिनेमे दाखवायची. घरातलं एक माणूस गेलेलं असायचं आणि मागं राहिलेले एकेक करून तीच हकिकत सांगायचे. एकात मेलेल्या मुलीची आई सांगते तेव्हा जावई निव्वळ दगड वाटतो. मग जावयाची पाळी येते, आणि तोच माणूस मोरीत नळ सोडून रडताना दिसतो.

"मग यात खरं कोण बोलतंय?" मी विचारलं.

"सगळेच की, पेदनाना." आमच्या घरात तेलुगू चालते, थोरल्या काकाला पेदनाना म्हणतात, थोरल्या दिराला बावा. "ज्याला जे दिसलं ते तो सांगतो."

मी पंख्याकडं बघत बसलो. मला जे दिसलं होतं ते मी चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

आम्ही दोघं भाऊ एकाच कारखान्यात चादरीच्या मागावर होतो. शेजारी शेजारी, मधे फक्त चालण्यापुरती वाट. कारखान्यात आवाज इतका की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथं सगळे हातानं बोलतात. मालक आला, चहा आला, सूत तुटलं, प्रत्येकाची खूण ठरलेली. बाहेर जायचं असलं की शेजाऱ्याकडं बघून हात करायचा: माझा माग सांभाळ. त्यानं मान डोलावली की जायचं. त्यानं नाही म्हटलं तर थांबायचं. हा कुणी केलेला नियम नाही, पण तो कुणी मोडत नाही.

त्या दुपारी भावानं माझ्याकडं बघून हात केला. आधी स्वतःच्या छातीवर ठेवला, मग दाराकडं दाखवला. मला स्वच्छ दिसलं आणि स्वच्छ कळलं. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. पण घाम तिथं सगळ्यांनाच येतो. तो अधनंमधनं काहीतरी निमित्त काढून बिडी ओढायला सटकायचा, हेही मला माहीत होतं. त्याच्या मागावरची चादर शेवटच्या वितीला आली होती. मी दोन्ही माग बघताना सूत तुटून त्याचा मधेच थांबला, तर चादरीत पट्टी पडते आणि तो नग बाद होतो. मी मान हलवली. नाही. बोटानं चादर दाखवली: ही उतरव, मग जा.

तो थांबला. मी थोरला. लहानपणापासून मी थांब म्हटलं की तो थांबायचा.

पाच-सात मिनिटांनी त्याचा माग बंद पडलेला मला दिसला. खाली तो पडलेला होता. रिक्षात घातलं तेव्हाच तो गेलेला होता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात कामावर गेलो तर ती चादर तशीच मागावर होती, चार बोटं राहिलेली. मीच ती पुरी केली. पट्टी पडलीच होती.

घरी सगळ्यांनी विचारलं, काही बोलला का, काही सांगितलं का. मी म्हणालो, माझी पाठ होती त्याच्याकडं. पहिल्यांदा हे तोंडातनं कसं निघालं ते मला आठवत नाही. दुसऱ्यांदा सांगताना मात्र मला माहीत होतं मी काय करतोय ते.

शेवटी कुंभारीच्या त्यांच्या घरात पुतणीनं मला खुर्चीत बसवलं. फोन स्टँडला लावला. भावजय दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती.

"पेदनाना, जरा मोकळं बसा की. पासपोर्टचा फोटो काढायला आलाय का?"

"त्यांचं तोंडच तसलं हाय," भावजय म्हणाली. "लग्नाच्या फोटोत बी असंच केलंय. बघणाऱ्याला वाटावं, मयताला आलेत." आणि ती हसली. लई दिवसांनी हसली.

मी फोनकडं बघून सांगितलं की माझी पाठ होती. तिसऱ्यांदा. या वेळी तर ते यंत्रात भरून राहिलं.

पंधरा दिवसांनी पुतणीनं कच्ची फिल्म दाखवायला बोलावलं. दुपारची वेळ होती. आम्ही तिघंच, त्यांच्या कुंभारीच्या दोन खोल्यांत. पहिला भाग पुतणीचा होता: वर्गात शिपाई बोलवायला आला, तिला वाटलं फीचं काहीतरी असेल. मग भावजय पडद्यावर आली. मान खाली, हात सुपात, बोटं चालू. तिला वाटलं असेल काम करत बोललं की बोलल्यासारखं होत नाही.

ती सांगत होती, "सकाळी ते म्हणाले, छातीत कसंतरी होतंय, आज जात नाही. मी म्हणाले, काम नको असलं की तुमचं रोज एक दुखतं, म्हाताऱ्या बायकांसारखं रडत बसू नका. ते काही न बोलता डबा घेऊन गेले. तिथं त्रास व्हायला लागला असंल तरी कुणाला सांगितलं नसणार. माझंच बोलणं मनात धरून गप बसले असणार. शेजारी सख्खा भाऊ उभा होता की. त्यालासुद्धा सांगितलं नाही."

मग मी आलो. "माझी पाठ होती त्याच्याकडं."

पुतणीनं ते दोन तुकडे मुद्दाम एकामागं एक जोडले नव्हते. तिला काही ठाऊकच नव्हतं. पण मला तिथं बसून कळलं की चार वर्षं मी फक्त स्वतःला वाचवत नव्हतो. माझ्या त्या एका वाक्याचा भार ही बाई वाहत होती. तो गप बसलाच नव्हता. तिचं बोलणं त्यानं मनात धरलं नव्हतं. त्यानं सांगितलं होतं, मला.

"बंद कर," मी म्हणालो.

"आवाज बरोबर नाही का?" पुतणीनं विचारलं.

"माझी पाठ नव्हती."

आणि मग सांगितलं. छातीवरचा हात, दार, माझी हललेली मान, चादर. बसल्या जागी, जमिनीकडं बघत. बोलताना माझा आवाज चढला असावा. कारखान्यातल्या माणसांचा चढतोच. पुतणी म्हणाली, "पेदनाना, हळू. शेजारी ऐकतायत."

भावजयीनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"तुम्हाला दिसलं होतं, बावा?"

"व्हय."

"तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

"आणि मी इथं चार वर्षं..." ती उठून आतल्या खोलीत गेली. भांडी आपटल्याचा, रडल्याचा, कसलाच आवाज आला नाही. पुतणी माझ्याकडं बघत होती, आणि ती नजर माझ्या पुतणीची नव्हती, परक्या पोरीची होती. मी चप्पल घातली. तिनं थांबा म्हटलं नाही.

आठवड्याभरानं तिचा फोन आला. आई म्हणते, फिल्ममध्ये खरं काय ते येऊ दे. म्हणून मी परत त्या खुर्चीत बसलो आणि परत सगळं सांगितलं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. फिल्म कॉलेजात दाखवली तेव्हा भावजय आली नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पुतणीला मिठी मारली, आणि मी दिवे लागायच्या आत बाहेर पडलो.

आता मी दर रविवारी कुंभारीला जातो. बोलावलेलं नसतं. भावजय तांब्याभर पाणी आणून ठेवते आणि आत जाते. पुतणी म्हणते, आई आता त्या सकाळच्या भांडणाचं कधी काढत नाही. मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणते? तर म्हणाली, "काहीच नाही म्हणत, पेदनाना."

पाणी पिऊन मी थोडा वेळ बसतो. आतून विडीचं पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज येत असतो. तो थांबेपर्यंत बसावं असं दर वेळी वाटतं. तो थांबत नाही. मग मी उठतो.