पावलाची बोटं

अपघातात ताईचा एक पाय गुडघ्याखाली गेला. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या कृत्रिम पावलांची चाचणी चालते, तिथं मी आणि दाजी तिला घेऊन गेलो. नवं पाऊल लावून, आधाराच्या दांड्या सोडून ती खिडकीपर्यंत चालली, तेव्हा माझा जीव मुठीत होता.

"कसं वाटतंय?" तिथल्या इंजिनिअर मुलीनं विचारलं.

"भक्कम आहे गं. पण याला बोटंच नाहीत. जोडवं कुठं घालू?"

पाऊल किती भार पेलतं, एवढंच आम्ही बघत होतो. ते तिला आपलं वाटायला हवं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या खेपेच्या पावलाला बोटं होती. दाजी खाली बसले आणि चांदीचं जोडवं हळूच सरकवत त्यांनी विचारलं, "दुखत नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली.