घड्याळजी आणि सुनेचं ऑर्किड

गल्लीभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या घरात एकच घड्याळ बंद होतं, आणि ते नेमकं त्यांच्या सुनेच्या मनगटावर होतं. गल्लीत याची यथेच्छ चेष्टा व्हायची. घड्याळजी ती हसण्यावारी न्यायचे, पण मनातून त्यांना लागायचं. घड्याळ सुनेच्या आईचं होतं. आई गेली, पुढे कधीतरी घड्याळही थांबलं. सून ते रोज बांधायची, पण सासऱ्यांच्या हाती द्यायची नाही.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर ती माहेरची एक चावीची पेटी घेऊन आली होती. झाकण उघडलं की गाणं वाजायचं. सूर जरा घसरतोय, असं घड्याळजींना वाटलं. ती बाजारात गेल्याचं बघून त्यांनी पेटी खोलली, घासूनपुसून लख्ख केली, आणि जोडताना स्प्रिंग जी मोडली ती मोडलीच. सुनेनं एक अवाक्षर काढलं नाही. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं घड्याळजींना कितीदा तरी वाटायचं.

माणूस वाईट नव्हता हो. एखादी वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, एवढंच. बायको म्हणायची, "अहो, डोकं दुखतंय हेसुद्धा तुम्हाला सांगायची भीती वाटते मला."

तर ही सून बहिणीच्या बाळंतपणाला गेली. जाताना खिडकीतल्या ऑर्किडकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, पाणी तेवढं घाला. बाकी हात लावू नका." हे ऑर्किडही तिच्या आईच्याच झाडाचा तुकडा. बारीक उसासारख्या कांड्या, आणि एकेक कांडी पुढे सरकत आता कुंडीच्या काठाबाहेर डोकावत होती. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांचा कुजून भुसा झाला होता. कुंडी बदलायलाच हवी होती, पण सून थांबली होती. कांडीच्या बुडाशी नवा कोंब फुटतो, मग त्या कोंबाला स्वतःची मुळं फुटायला लागतात. कुंडी बदलायची ती तेव्हाच. आधी घाई केली तर झाड रुसून बसतं. उशीर केला तर लांबलेली कोवळी मुळं हात लागताच तुटतात.

घड्याळजी रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून कुंडीपुढे वाकायला लागले. एके दिवशी त्यांनी उत्साहानं फोन लावला. "अगं, कोंब आला!"

"टोक कसं आहे? गोल, गुळगुळीत असेल तर ती मुळी. कोंब चपटा असतो, पापुद्र्यावर पापुद्रा."

टोक चांगलं गोल गरगरीत होतं. जुन्याच कांडीची मुळी. घड्याळजी ओशाळले. बायकोनं ऐकलं होतंच; "एवढं भिंग लावून हे!" म्हणून तिनं घेतलंच तोंडसुख.

खरा कोंब आला तेव्हा मात्र त्यांनी तो बरोबर ओळखला. चपटा, घडीवर घडी, वर तोंड करून. तो हळूहळू वाढला, आणि एका सकाळी त्याच्या बुडाशी बारीक फुगवटे दिसले, टोकाला हिरवे. वेळ आली होती, आणि सुनेला यायला अवकाश होता. घड्याळजींनी कुंडी उचलून कामाच्या टेबलावर ठेवली, चिमटा घेतला, आणि तिथेच त्यांचा हात अडला. ती पेटी डोळ्यांपुढे आली. चिमटा खाली ठेवून त्यांनी फोन घेतला.

"मुळं दिसताहेत. कोंबाचीच आहेत, तीनतीनदा बघितलं. करू का मी?"

पलीकडे बाळ रडत होतं. सुनेनं त्याला थोपटून गप्प केलं.

"करा, बाबा," ती शेवटी म्हणाली. "पण घड्याळासारखं चकचकीत करायचं नाही. दाबल्यावर पोकळ लागतील ती मुळं कापा. टणक असतील त्यांच्या वाटेला जाऊ नका."

घड्याळजींनी चिमटा पुन्हा उचलला. इतक्या वर्षांत नाजूकातलं नाजूक घड्याळ उघडतानाही त्यांनी हात इतका हळू चालवला नव्हता. एकेक मुळी दाबून बघत त्यांनी पोकळ तेवढी कापली, भुसा वेचला. दोन टणक मुळांना चिकटलेला कचरा खरवडायला हात शिवशिवत होता, तो तसाच राहू दिला. जुन्या कांड्या नव्या कुंडीच्या काठाला टेकवल्या, कोंबापुढे मोकळी जागा ठेवली, नवी साल भरली, झाड हलू नये म्हणून काडीला बांधलं.

खरी परीक्षा पुढेच होती. मुळं धरली की नाही, हे उपसून बघायची त्यांना जबर इच्छा व्हायची. ते कुंडीपाशी जायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. बायको म्हणायची, "अहो, झाड आहे ते. त्याला मागचं झाकण नसतं." मग एक पान पिवळं पडून गळलं आणि घड्याळजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. पेटी गेली, आता झाडही गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं. जुन्या कांडीचं पान गळतंच, असं सुनेनं फोनवर सांगितलं, तरी त्यांची झोप काही धड झाली नाही.

सून आली ती पिशवी खांद्यावर असतानाच खिडकीपाशी गेली. तिनं कांडी दोन बोटांत धरून हलकेच हलवली. झाड कुंडीत घट्ट बसलं होतं. नवा कोंब बोटभर झाला होता आणि त्याची मुळं सालीत शिरली होती. घड्याळजी टेबलामागून तिच्या पाठीकडे बघत होते. 

ती वळली, टेबलापाशी आली, आणि मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"बघा जरा याला," ती म्हणाली.

घड्याळजींनी हात रुमालाला पुसले. घड्याळ उचललं, उलटं केलं, डोळ्याला भिंग लावलं. बारीक चाकूचं पातं मागच्या झाकणाच्या फटीपाशी नेलं आणि थांबले.

"उघडू का?"

सुनेनं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "उघडा, बाबा," ती म्हणाली.