करवंटीचा कोळसा

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजातला एक मास्तर मिठबावला नारळाच्या करवंट्या मागायला आला. पडवीतला ढीग बघून म्हणाला, "काका, यांच्या कोळशात आम्ही डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडतो. त्यांत वायू अडकतो. विषारी हवा बाजूला काढता येते."

माझं डोकं सणकलं. पावसात बायको खोकत होती, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे मी तिच्या खाटेखाली करवंटीचे निखारे ठेवले होते. धूर नाही, म्हणून निर्धास्त शेतावर गेलो. परत येऊन हाका मारल्या, ती उठली नाही.

"मगे तेव्हा तुझ्या ह्या कोळशान विष कित्याक नाय गिळल्यान?" सगळं सांगून मी ओरडलो.

तो चाचरला. "विझलेला कोळसा धरतो, काका. पेटता उलट विषारी वायू सोडतो. खोली बंद होती का?"

"भायर हो आधी! एक करटी मिळाची नाय तुका!" मी त्याला कुंपणाच्या बेड्यापर्यंत हाकलला.

खिडकी मीच लावली होती. फटींत गोणपाटसुद्धा मीच कोंबलं होतं. तो गेल्यावर कोयत्याने खिडकीच्या फळ्या उखडून काढल्या. आता पाऊस आत येतो. येऊ दे मेल्याला.